उंडीच्या तेलापासून डिझेलपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आपल्या भाषेत एकाच तेलाला दोन नावं आहेत. रॉकेल आणि घासलेट. दोन्ही परदेशातून आली आणि दोन्ही आपण बोलून बोलून इतकी मऊ केली की आता ती परकी वाटत नाहीत. ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकातलं तेल, त्याचं रॉकेल झालं. ‘गॅस लाइट’चं घासलेट झालं. कविता लिहिणारा माणूस म्हणून मला या दोन शब्दांचं कौतुक आहे. पण आज बोलायचं आहे ते या शब्दांच्या पाठोपाठ आपल्या घरात शिरलेल्या दराविषयी. दूर कुठंतरी तेलाचा भाव हलतो आणि इकडे मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, देवगडच्या बंदरात, वेंगुर्ल्यात, आचऱ्यात उद्या होडी पाण्यात लोटायची की नाही याचा हिशेब सुरू होतो. हे काही कालपरवाचं नाही. याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. तेलाचा दर भरती-ओहोटीसारखा आपोआप येत-जात नाही. प्रत्येक वेळी तो कुणीतरी ठरवलेला असतो.

खडकातलं तेल येण्याआधी आमच्या किनाऱ्यावर झाडाचं आणि माशाचं तेल होतं. उंडीचं झाड खाऱ्या वाऱ्यात, वाळूत सुखानं वाढतं. त्याची फळं गोळा करायची, बिया वाळवायच्या आणि घाण्यावर तेल काढून घ्यायचं. हे तेल कडू, खायच्या उपयोगाचं नाही, पण दिव्यात जळायचं. होडीच्या लाकडाला माशाचं तेल लावत. या तेलांचाही दर होताच. उंडी कमी धरली, पाऊस लांबला, तर तेल महाग व्हायचं. पण त्या महागाईचं कारण डोळ्यांना दिसायचं. ते झाड परसात उभं असायचं आणि घाणा हाकेच्या अंतरावर. महाग का झालं, हे विचारायला लांब जावं लागत नव्हतं.

१८५९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जमिनीत भोक पाडून तेल काढण्यात आलं आणि पुढच्या काही दशकांत ते दिव्याचं तेल म्हणून जगभर गेलं. मग रशियाच्या बाकूचं तेल आलं, ब्रह्मदेशाचं आलं. आसामात दिग्बोईला तेल लागलं आणि १९०१ साली तिथं शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. १८९२ साली मार्कस सॅम्युअल या लंडनच्या व्यापाऱ्याचं ‘म्युरेक्स’ नावाचं तेलवाहू जहाज सुएझच्या कालव्यातून आशियाकडे आलं. तोवर तेल डब्यांत भरून जहाजावर चढवत. आता ते जहाजाच्या पोटात ओतून आणता येऊ लागलं. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे डबे निळे होते, म्हणून सॅम्युअलच्या लोकांनी आपले डबे लाल केले. आशियातल्या गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता. आपल्याकडेही रॉकेलचा रिकामा डबा कधी वाया गेला नाही. त्यानं पाणी आणलं, तांदूळ साठवला आणि कापून-ठोकून पडवीवर घातला तर पाऊसही अडवला.

चिमणी आली, कंदील आला, लग्नाकार्यात पेट्रोमॅक्सची बत्ती आली. उंडीच्या धुरकट दिव्यापेक्षा हा उजेड चांगला आणि सोयीचा होता, यात शंका नाही. फक्त एक बदल सहज कुणाच्या लक्षात आला नाही. उजेडाची किंमत गावाबाहेर गेली. ती गेली तरी किती दूर, त्याचा एक प्रसंग सांगतो.

१९२७ साली न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनं सोव्हिएत रशियाचं रॉकेल विकत घेऊन भारतात आणायला सुरुवात केली. शेल कंपनीचे प्रमुख हेन्री डेटर्डिंग यांना त्याचा संताप आला. क्रांतीनंतर रशियानं कंपन्यांच्या ज्या तेलविहिरी ताब्यात घेतल्या, त्यांत शेलच्याही होत्या. आपल्या मालकीचं तेल चोरून विकलं जातंय, अशी त्यांची भावना होती. त्यांनी भारतात रॉकेलचे दर पाडले. समोरच्यानंही पाडले. भांडण न्यूयॉर्क, लंडन आणि मॉस्कोचं. रणांगण हिंदुस्थानातल्या खेड्यांतल्या कंदिलांचं. गिऱ्हाइकाला वाटलं असेल, स्वस्ताई आली. पण ती स्वस्ताई दोघांपैकी एकालाही परवडणारी नव्हती आणि भांडण भारताबाहेरही पसरू लागलं.

सप्टेंबर १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲक्नाकॅरी नावाच्या गढीत तेलाच्या जगातले बडे लोक जमले. डेटर्डिंग होते, अमेरिकेचे वॉल्टर टीगल होते, अँग्लो-पर्शियनचे जॉन कॅडमन होते. निमित्त काय, तर पक्ष्यांची शिकार आणि मासेमारी! आमचा गाबीत मासे पकडायला जातो तेव्हा मासेच पकडतो. हे लोक मासे पकडायला गेले आणि जगाचा बाजार वाटून आले. ज्याचा जेवढा वाटा आज आहे, तेवढाच पुढंही राहावा, आपसात दर पाडू नयेत, असं ठरलं. हा करार कित्येक वर्षं गुप्त होता. अमेरिकी सरकारच्या चौकशीमुळे तो १९५२ साली लोकांसमोर आला.

त्या व्यवस्थेत किमतीचा एक नियम होता आणि तो मुद्दाम समजून घ्यायला हवा, कारण आजही त्याची सावली आपल्यावर आहे. तेल कुठूनही निघो, त्याची किंमत मेक्सिकोच्या आखातातल्या अमेरिकी भावानं धरायची आणि तिथून गिऱ्हाइकापर्यंतचं जहाजभाडं त्यात मिळवायचं, असा तो नियम. इराणचं अबादान आपल्या शेजारचं. मालवणच्या दर्यावर्दींना आखाताची वाट अनोळखी नव्हती. पण अबादानहून मुंबईला आलेल्या तेलाची किंमत मात्र ते जणू टेक्सासहून अर्ध्या जगाला वळसा घालून आलं आहे, अशी लावायची. न झालेल्या प्रवासाचं भाडं गिऱ्हाइकानं भरायचं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या स्वतःच्याच आरमाराला अबादानचं तेल या हिशेबानं विकलं जाऊ लागलं, तेव्हा कुठं आरडाओरडा झाला आणि इराणच्या आखातात वेगळा भाव धरला जाऊ लागला. आरमाराची तक्रार ऐकली गेली. कंदीलवाल्याची तक्रार ऐकायला कुणी नव्हतं.

१९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला. तिथलं तेल बंद झालं आणि आपल्याकडे रॉकेलची टंचाई झाली, रेशन आलं. लढाई रंगूनची आणि अंधार आपल्या वाडीत.

स्वातंत्र्य आलं. मुंबईत तुर्भे-माहूलच्या किनाऱ्यावर परदेशी कंपन्यांच्या रिफायनऱ्या उभ्या राहिल्या. एक १९५४ साली, दुसरी १९५५ साली. तेल आता आपल्या देशात शुद्ध होऊ लागलं, पण किंमत परदेशातून तयार माल आणला असता तर काय पडली असती, त्या हिशेबानंच धरली जाई. १९६० च्या सुमारास रशियानं भारताला स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं. या परदेशी रिफायनऱ्यांनी ते शुद्ध करायला नकार दिला. मात्र या प्रस्तावामुळे त्यांना आपल्याच तेलाच्या किमतीत सूट द्यावी लागली. न घेतलेल्या तेलानंही देशाचा फायदा करून दिला. दरांची तपासणी करायला दामले समिती नेमली होती, तिचा अहवाल १९६१ साली आला. पुढं तालुकदार समिती आली, शांतिलाल शहा समिती आली. आपला दर कुठल्या पायावर उभा आहे, हे निदान विचारलं जाऊ लागलं.

याच काळात आमच्या किनाऱ्यावर दुसरा बदल सुरू झाला. तोवर मासेमारी वारा, शीड, वल्हं आणि माणसांच्या खांद्यांवर चालत होती. रापणीचंच बघा. होडीनं जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या. मिळेल त्याचे वाटे करायचे. रापणीला लागतात ती माणसं. तिला तेल लागत नाही. सरकारी कर्जं आणि सहकारी संस्था यांच्या आधारानं होड्यांवर इंजिनं बसू लागली. मग ट्रॉलर आले, नंतर पर्ससीन जाळ्याच्या मोठ्या नौका आल्या. वाऱ्याची वाट बघणं संपलं, लांबचा मासा हाताशी आला. त्याचबरोबर उंडीच्या दिव्याचं जे झालं होतं तेच होडीचं झालं. होडी चालवण्याची किंमत गावाबाहेर गेली. यांत्रिक नौका आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला वाद सर्वांना माहीत आहे. तो माशांवरून होता आणि आहे. पण त्याच्या मुळाशी तेलही आहे. जितकं तेल जास्त जाळावं लागतं, तितका मासा जास्त काढावाच लागतो. नाहीतर कर्ज फिटत नाही.

इंजिनं रुळली न रुळली तोच १९७३ चा ऑक्टोबर आला. अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाची कोंडी केली. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या वर गेला. दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजानं मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं, १९७६ पासून ‘बॉम्बे हाय’चं तेल निघू लागलं. त्याच वर्षांत परदेशी कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या. पंपावरचा दर आता सरकार ठरवू लागलं. परदेशी भाव चढला तरी इथं लगेच चढत नसे. पेट्रोल महाग ठेवायचं, रॉकेल स्वस्त ठेवायचं आणि एकाच्या पैशानं दुसऱ्याची तूट भरायची, अशी ती व्यवस्था होती. माझं शाळेचं वय या काळातलं. रेशनच्या दुकानासमोर डब्यांची रांग लागायची. माणसं सावलीत बसायची आणि डबे उन्हात उभे राहायचे. दर कमी होता, पण तेल आलेलं असेलच याचा भरवसा नव्हता.

या व्यवस्थेचं एक काळं अंगही सांगितलं पाहिजे. रॉकेल आणि डिझेल यांच्या दरातली दरी जितकी मोठी, तितका भेसळीचा धंदा मोठा. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळीवर कारवाई करायला गेलेले अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. गरिबाच्या चिमणीसाठी ठेवलेली सवलत कुणाच्या हाती गेली होती, हे त्या दिवशी महाराष्ट्रानं पाहिलं.

आता कोकणातल्या मुसलमान घरांविषयी दोन शब्द. हे सांगितल्याशिवाय आमच्या किनाऱ्यावरचा तेलाचा हिशेब पुरा होत नाही. आखाताशी आमचा संबंध तेलाच्या आधीपासूनचा. तिकडे कित्येक वर्षं भारतीय रुपयाच चालत होता. १९५९ साली तर रिझर्व्ह बँकेनं आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतनं १९६१ मध्ये, बहरीननं १९६५ मध्ये आपलं चलन आणलं आणि १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर बाकीच्यांनीही रुपया सोडला. १९७३ नंतर तेलाच्या पैशानं तिकडे रस्ते, बंदरं, इमारती उभ्या राहू लागल्या आणि खाडीकाठच्या वाड्यांतली तरणी पोरं कुवेत, बहरीन, सौदीला गेली. ज्या भाववाढीनं होडीचं डिझेल महाग केलं, तिनंच घराला मंगलोरी कौलं आणि बहिणीच्या लग्नाला पैसा दिला. एकाच घरात थोरला भाऊ आखातात आणि धाकटा दर्यात. रेडिओवर तेल महागल्याची बातमी लागली की एकाला बरं वाटायचं आणि दुसऱ्याला धसका बसायचा. आई दोघांचीही होती. तिनं काय मागावं?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेत गिळलं तेव्हा हा विरोधाभासही उरला नाही. तिकडून येणारा पैसा थांबला आणि इकडचं तेल महाग झालं. एकाच वेळी. जॉर्डनच्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी एक लाख सत्तर हजारांहून जास्त भारतीयांना परत आणलं. त्यांत कोकणातली माणसं होती. हातात एखादी पिशवी घेऊन परतलेले ते चेहरे मी पाहिले आहेत. देशाची परकीय गंगाजळी आटली, पुढच्या वर्षी सोनं गहाण टाकावं लागलं आणि अर्थव्यवस्थेची दारं उघडली गेली.

पुढची पावलं थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २००२ पासून सरकारनं दर ठरवण्याची जुनी व्यवस्था कागदोपत्री संपवली. प्रत्यक्षात हात सुटायला वेळ लागला. पेट्रोल जून २०१० मध्ये मोकळं झालं, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये. जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले. २००६ पासून कंपन्या ज्या सूत्रानं दर धरतात त्यात बहुतांश वजन, म्हणजे ८० टक्के, आयात केली असती तर पडली असती त्या किमतीला आणि २० टक्के निर्यातीच्या किमतीला आहे. आधार अरबी आखातातल्या बाजारभावाचा. पूर्वी मेक्सिकोचं आखात होतं, आता अरबी आखात आहे. तेल मुंबईत शुद्ध होवो की जामनगरला, भाव तिकडचाच.

हे लक्षात घेतलं म्हणजे एक भाबडा समज दूर होतो. काही वर्षांपूर्वी राजापूरच्या नाणार परिसरात आणि आमच्या देवगड तालुक्यातल्या गिर्ये-रामेश्वरात वर्षाला सहा कोटी टनांची रिफायनरी येणार होती. एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरामको कंपनीशी करार झाला. स्थानिकांचा विरोध झाला आणि मार्च २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं. प्रकल्प हवा की नको, हा वाद मोठा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू लोकांनी मांडल्या आहेत. पण ‘दारात रिफायनरी आली की डिझेल स्वस्त होईल’ असं चहाच्या टपरीवर काही जण म्हणत, ते मात्र खरं नव्हतं. फार तर टँकरचं भाडं थोडं वाचलं असतं. बाकी भाव जगाचा आणि कर सरकारचा.

आता पंपावरच्या एका लिटरचा हिशेब करू. कच्च्या तेलाचं एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. समजा डॉलर ८० रुपयांना आहे. पिंपामागे भाव एक डॉलरनं वाढला, तर लिटरमागे साधारण पन्नास पैसे वाढायला हवेत. भाव स्थिर राहिला आणि रुपया घसरला, तरी वाढतात. त्यावर शुद्धीकरण, वाहतूक, विक्रेत्याचं कमिशन. मग केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर. पेट्रोल-डिझेल वस्तू आणि सेवा करात नाही, त्यामुळे हे दोन्ही कर वेगवेगळे राहिले.

कर किती फरक पाडतो, हे सिंधुदुर्गच्या माणसाला कुठल्या तज्ज्ञानं शिकवायला नको. एप्रिल २०१२ मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ काढूनच टाकला आणि तिथं पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी स्वस्त झालं. बांद्याच्या अलीकडे एक दर, पत्रादेवीच्या पलीकडे दुसरा. तेल तेच, डॉलर तोच, जगाचा बाजार तोच. सावंतवाडीकडच्या मोटारसायकली टाकी भरायला गोव्यात जात. पुढं गोव्यानं तो कर पुन्हा वाढवला. पण दराचा किती भाग जगाचा आणि किती आपल्याच सरकारांचा, हे त्या सीमेनं दाखवून दिलं.

आणि जगात भाव उतरतो तेव्हा काय होतं? जून २०१४ मध्ये पिंपाचा भाव ११५ डॉलरच्या घरात होता. जानेवारी २०१६ मध्ये तो ३० डॉलरच्याही खाली गेला. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्रानं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. डिझेलवर लिटरमागे १३ रुपये ४७ पैसे. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे जग थांबलं, भारताच्या खरेदीचा सरासरी भाव पिंपाला २० डॉलरच्या आत आला. अमेरिकेत तर २० एप्रिलला एका दिवसापुरता भाव शून्याच्या खाली गेला. तेल न्या आणि वर पैसेही घ्या! त्याच सुमारास, मार्च आणि मे महिन्यांत मिळून, आपल्याकडे डिझेलवरचं शुल्क १६ रुपयांनी वाढलं. २४ जूनला दिल्लीत पहिल्यांदाच डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि रशियाचं तेल सवलतीत मिळू लागलं. आपल्या आयातीत त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२३ मध्ये एक तृतीयांशाच्या वर गेला. मुंबईतला डिझेलचा दर मात्र जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत ९४ रुपयांच्या आसपासच राहिला.

सरकारचीही बाजू आहे. या पैशातून रस्ते होतात, धान्य वाटलं जातं, महासाथीत औषधं येतात. भाव फार चढले तेव्हा नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमीही केलं गेलं, जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रानंही आपला कर थोडा उतरवला. सगळा भार गिऱ्हाइकावर टाकला नाही, हेही खरं. पण १९६० मध्ये न आलेल्या रशियन तेलानं दरात सूट मिळवून दिली होती आणि साठ वर्षांनी जहाजं भरभरून आलेल्या रशियन तेलाची सूट पंपापर्यंत पोहोचली नाही. ती वाटेत कुणाकुणाकडे किती मुरली, हे विचारणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

मच्छीमाराची तर आणखी वेगळी कोंडी आहे. तो बऱ्याचदा आपल्या सहकारी संस्थेच्या पंपावरून डिझेल घेतो, कारण ते बंदरात मिळतं आणि त्यावर राज्याच्या कराचा परतावा मिळतो. जानेवारी २०१३ मध्ये सरकारनं घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचा वेगळा, चढा दर लावला. फरक लिटरमागे दहा-अकरा रुपयांचा. रेल्वे, एस.टी., मोठे कारखाने हे घाऊक ग्राहक. आणि त्याच रांगेत मच्छीमार संस्थांचे पंपही उभे केले गेले. दोन-चार पिंपं डिझेलवर दर्यात जाणारा माणूस कागदावर कारखानदार झाला. एस.टी.च्या गाड्या रस्त्यावरच्या साध्या पंपावर तेल भरायला गेल्या, होडीवालेही कॅन घेऊन तिकडे गेले. मार्च २०२२ मध्ये पुन्हा तेच झालं. मुंबईत साध्या पंपावर डिझेल ९४ रुपये १४ पैसे आणि घाऊक ग्राहकाला १२२ रुपये ५ पैसे. लिटरला जवळजवळ २८ रुपयांचा फरक. समजा एका फेरीला शंभर लिटर जळतं, तर समुद्र बघायच्या आधीच २,८०० रुपये जास्त गेले. कराचा परतावा मिळतो, पण तो मागाहून आणि बहुतेक वेळा फार मागाहून. डिझेलचे पैसे मात्र आज द्यावे लागतात.

आमच्या शेजारचे एक वयस्क तांडेल आहेत. मी त्यांना विचारलं, ‘‘काका, तेलाचे भाव वाढले म्हणून तुम्ही मासळीचा भाव का वाढवत नाही?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘अरे, डिझेल आधी जळता, मासो मागसून गावता. गावलो तर गावलो. आणि त्येचो भाव लिलावात घेणारो सांगता, मी नाय.’’ अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला हे इतक्या थोडक्यात सापडलं नव्हतं. शेतकरी आणि मच्छीमार हे दोघेच असे धंदेवाईक आहेत की विकत घेताना समोरचा दर सांगतो आणि विकतानाही समोरचाच सांगतो. त्याच्या डिझेलचा भाव आखातात ठरतो आणि सुरमई-कोळंबीचा निर्यातदाराच्या डॉलरवर. मधल्या जागेत तो आणि त्याची होडी.

तेल आपण निम्म्याहून कितीतरी जास्त बाहेरून घेतो, तोवर जगाचे धक्के बसणारच. कुठलंही सरकार ते पूर्ण थोपवू शकणार नाही. पण जगाचा भाव आणि आपला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजून घेणं आपल्या हातात आहे. आज लिटरमागे जगाचे किती आणि करांचे किती, हा आकडा पंपावर, दराच्या फळ्याशेजारी, मोठ्या अक्षरांत मराठीत लिहायला काहीच हरकत नसावी. मच्छीमार संस्थेच्या पंपाला कारखान्याच्या रांगेतून कायमचं बाहेर काढावं आणि परतावा ज्या हंगामाचा त्याच हंगामात द्यावा. यासाठी अमेरिकेला किंवा सौदीला विचारावं लागत नाही. हे दिल्लीत आणि मुंबईत ठरवता येतं.

उंडीची झाडं अजूनही आमच्या किनाऱ्यावर आहेत. त्यांच्या तेलाच्या दिव्यापाशी परत जावं, असं मी म्हणत नाही; तो धूर डोळ्यांना झोंबत असे. पण त्या दिव्यात तेल घालणाऱ्या बाईला तेल महाग का झालं हे सांगता येत होतं. आज डिझेलची पावती खिशात घालून बंदरावर जाणाऱ्या तिच्या पणतवालाही ते सांगता आलं पाहिजे.